कॅम्पचे आमंत्रण म्हणजे निवड नव्हे

अमेरिकेतल्या मराठी घरांत हिवाळा सरता सरता एक मेल येतो आणि घर हुरळून जाते. नामांकित विद्यापीठाच्या सॉकर कोचने नववी-दहावीतल्या मुलाला नावानिशी लिहिलेले असते : तुझ्या खेळावर आमचे लक्ष आहे, जुलैतल्या कॅम्पला ये. खाली फी भरायची लिंक. फी काही शे डॉलर, त्यावर विमान आणि हॉटेल.

कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या नियमानुसार विद्यापीठाचा कॅम्प सर्वांना खुला ठेवावा लागतो. मर्यादा घालता येते ती संख्या, वय, इयत्ता आणि मुलगा-मुलगी एवढ्याचीच. शिवाय कॅम्पच्या फीतून सहायक कोचांची जोडमिळकत होते. यात लबाडी काही नाही, पण असा मेल शेकडो घरांत गेलेला असतो. पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या डिव्हिजनमध्ये बहुतेक खेळांत दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत कोचला मुलाशी निवडीबद्दल बोलता वा लिहिता येत नाही (अमेरिकन फुटबॉल, बेसबॉल अशा काही खेळांचे वेळापत्रक वेगळे आहे). कॅम्पची माहितीपत्रके मात्र तो केव्हाही पाठवू शकतो. म्हणून त्या तारखेआधी आलेल्या मेलवरून कसलाच अंदाज बांधू नये. नंतरच्या मेलमध्येही एकच गोष्ट शोधावी : शनिवारच्या दुसऱ्या सामन्यात तू डावीकडून आत घुसलास, असे काही त्यात आहे का? तसे असेल तर कोणीतरी खरोखर पाहिले आहे.

म्हणून कॅम्प निरुपयोगी ठरत नाहीत; किती उपयोगी, ते खेळावर अवलंबून. पोहणे आणि ॲथलेटिक्समध्ये घड्याळ बोलते. कोच नोंदलेली वेळ पाहतो, तिथे कॅम्पची गरज सर्वांत कमी. टेनिसमध्ये निकाल आणि मानांकन. याच खेळात पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला, तर ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली. महाराष्ट्रातून जाऊ पाहणाऱ्या टेनिसपटूने कॅम्पच्या तिकिटापेक्षा चांगल्या स्पर्धांवर खर्च करावा. सांघिक खेळांचे तसे नाही. गोल खाल्ल्यावर पोरगा मान खाली घालतो की सहकाऱ्याला हाक मारतो, हे आकड्यांत दिसत नाही. ते मैदानावरच दिसते. पण शंभर-दीडशे मुलांच्या गर्दीत कोचची नजर आधीपासून माहीत असलेल्या मुलांकडेच जाते. तेव्हा आधी ओळख, मग कॅम्प.

ती ओळख मुलानेच करून द्यायची असते. कोचला उत्तर देण्याची मुभा नसतानाही मुलाला लिहिता येते. विषयाच्या ओळीतच बारावी पास होण्याचे वर्ष, खेळातली जागा, शहर. आत गुण, पुढच्या दोन स्पर्धांच्या तारखा आणि तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ, ज्यात चांगला खेळ पहिल्या अर्ध्या मिनिटातच दिसेल. आपल्याकडे हे पत्र बहुधा बाबा लिहितात, आणि ते वाचताच कळते. सोळा वर्षांचे कोणते पोर स्वतःच्या ‘नेतृत्वगुणां’बद्दल इतके सफाईदार लिहील?

अभ्यासाचा हिशेबही लवकर मांडावा लागतो. पहिल्या डिव्हिजनसाठी हायस्कूलचे १६ ठरावीक कोर्स आणि त्यांत किमान २.३ जीपीए लागतो. त्यांतले १० बारावी सुरू होण्याआधी पूर्ण झालेले असावे लागतात. भारतातून जाणाऱ्यांना नववीपासूनच्या गुणपत्रिका द्याव्या लागतात. एसएटीची अट एनसीएएने २०२३ मध्ये काढली, पण कॉलेज स्वतः ती मागू शकते.

पैशाबाबत मात्र थोडे थंड डोक्याने घ्यावे. हायस्कूलमध्ये खेळणाऱ्यांपैकी साधारण २ टक्के मुलांनाच कॉलेजची क्रीडा शिष्यवृत्ती मिळते, असे एनसीएएच सांगते, आणि तीही अनेकदा अर्धीमुर्धी. आयव्ही लीगमध्ये आणि तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नाहीच. २०२५ च्या ‘हाउस’ खटल्यातल्या समझोत्याने मोठ्या विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची वाट मोकळी केली, पण त्याबरोबर संघातल्या जागांवर मर्यादा आली. त्यात ट्रान्स्फर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीतून, तयार, वयाने मोठा खेळाडू मिळत असताना कोच अठरा वर्षांच्या नवख्यासाठी जागा कशाला अडवेल? तोंडी दिलेला शब्द तर कोणालाच बांधत नाही.

या सगळ्यात आपल्या घरांत नाक मुरडले जाते ते तिसऱ्या डिव्हिजनला. वास्तविक एमआयटी (महिलांचे रोइंग वगळता), शिकागो विद्यापीठ आणि (लॅक्रोस वगळता) जॉन्स हॉपकिन्स तिथेच खेळतात. यांतल्या बऱ्याच कॉलेजांत अकरावी संपल्यावरच्या उन्हाळ्यात कोच मुलाची गुणपत्रिका प्रवेश कार्यालयाकडे आगाऊ पाहायला पाठवू शकतो. ‘अशी सोय आहे का?’ हे मुलाने कोचला सरळ विचारावे. प्रवेश कार्यालयाचे उत्तर ‘अवघड आहे’ असे आले, तर त्या कॉलेजच्या कॅम्पची फी आणि विमानाचे तिकीट दोन्ही वाचते.