सूर्याकडे पाठ करून

पैसे मोजून सूर्यास्त पाहणे ही निव्वळ चैन आहे, असे आमच्या महाविद्यालयातील पुष्कळांचे मत आहे. ग्रीसमधील सँटोरिनी बेटाजवळ मी अशी नौकासफर करून आलो हे कळल्यापासून तर ते मला वारंवार ऐकवले जाते. (तिकीट मामांनी काढले होते, हे येथेच सांगून टाकतो.) मला मात्र त्या सफरीत दोष दिसत नाही. दोष आहे तो नावेत आपण तोंड कुठे करून बसतो, याचा.

सँटोरिनीची चित्रे आपण सर्वांनीच पाहिली आहेत : निळे घुमट, पांढरी घरे, खाली समुद्र. पण हे बेट म्हणजे एका ज्वालामुखीची उरलेली कड होय. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या आसपास महास्फोट झाला, मधला भाग खचला आणि त्यात समुद्र भरला. आज तेथे पाणी जवळजवळ ३९० मीटर खोल आहे आणि त्याच्या काठावर कडे सुमारे ३०० मीटर उभे आहेत. म्हणजे नाव ज्यावर तरंगते, ते विवरच आहे. मधोमध नेआ कामेनी नावाचे काळेकुट्ट बेट दिसते. त्याचा जन्म १७०७ मधला आणि त्यावरचा शेवटचा उद्रेक १९५० मधला. शेजारच्या पालेआ कामेनीजवळ नाव थांबते, प्रवासी कोमट, तांबूस पाण्यात उड्या मारतात. ते पाणी कोमट का, हे आमच्या नावेवर कोणी विचारले नाही.

आमच्या नावेवर १४ जण होतो. ‘लहान गट, निवांत संध्याकाळ’ असे जाहिरातीत होते आणि नावेपुरते ते खरेही होते. पण सूर्य कलला तशा इया गावाखाली सगळ्या नावा गोळा झाल्या. मी मोजल्या, पंचवीसच्या वर भरल्या. चौदा-चौदांचे पंचवीस लहान गट जमले की त्यांची गर्दीच होते. जाहिरातवाल्यांना हे अंकगणित ठाऊक नसेल असे थोडेच आहे! या बेटाची वस्ती साधारण १५ हजार आणि वर्षाला येणारे पाहुणे तीस लाखांच्या वर. मोठ्या जहाजांतून दिवसाला आठ हजारांहून अधिक प्रवासी उतरू नयेत, अशी मर्यादा २०२५ पासून घालावी लागली, ती उगाच नव्हे.

सगळ्यांची तोंडे पश्चिमेला होती. मी सहज मागे वळलो, आणि खरा देखावा तिकडे होता. मावळतीचे ऊन समोरून त्या कड्यावर पडले होते. काळा, तांबडा, करडा असे थर एकावर एक उजळले होते आणि सर्वांत वर फिकट राखेचा जाड थर. तोच त्या महास्फोटाचा. त्या मऊ राखेतच गरीब खलाशांनी गुहेसारखी घरे कोरली. ९ जुलै १९५६ च्या भूकंपात त्यांतली कितीतरी कोसळली, पन्नासावर माणसे गेली आणि अनेक कुटुंबे बेट सोडून गेली. तीच घरे डागडुजी होऊन आता पाहुण्यांसाठी भाड्याने दिली जातात. सूर्य रोज कुठेही मावळतो हो, पण असा कडा कुठे उजळतो?

आमच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना अक्रोतिरी हे नाव माहीत असावे. याच राखेखाली गाडलेले ते नगर स्पिरिडॉन मारिनातोस यांनी १९६७ पासून उत्खनन करून उजेडात आणले. स्फोटात सापडलेल्या माणसांचे सांगाडे तेथे मिळाले नाहीत. धरणीकंपाची सूचना मिळताच लोक निघून गेले असावेत, असे अभ्यासक मानतात. तेथल्या एका घराच्या भिंतीवर नौकांची मिरवणूक चितारलेली आहे. नावेत छताखाली प्रवासी समोरासमोर बसले आहेत, भोवती डॉल्फिन उसळत आहेत. नावेत बसून मजेत जाण्याची हौस या बेटाला साडेतीन हजार वर्षांची आहे, तेव्हा तिला आजची उधळपट्टी म्हणून मोडीत काढणे मला तरी अन्यायाचे वाटते.

आणि तेथून निघून जाणेही जुने नाही. २०२५ च्या आरंभी भूकंपाचे हजारो लहानमोठे धक्के बसू लागले, तेव्हा ११ हजारांहून अधिक लोक जहाजांनी आणि विमानांनी बेट सोडून गेले. मी नांगर ओढणाऱ्या मदतनिसाला त्याविषयी विचारले. मोडक्या इंग्रजीत तो बराच वेळ बोलला. आई अथेन्सला गेली, आपण नावेची राखण करायला मागे राहिलो, रात्री कपडे न उतरवताच झोपत होतो. तो बोलत असताना कोणीतरी हाक मारून त्याला छायाचित्र काढायला बोलावले. तो उठला, हसतमुखाने त्याने ते काढले. सूर्य बुडाला तशा शेजारच्या नावांवर टाळ्या वाजल्या.

जाऊच नये, असे म्हणणारे सज्जन त्या मदतनिसाच्या पोटाचा विचार करत नाहीत. जाऊन नुसता सूर्य पाहणारे त्याच्या बोलण्याचा करत नाहीत. माझे मागणे फार नाही. सफरीच्या भाड्यात मासे आणि द्राक्षाची मदिरा धरलेली असतेच. सकाळी अक्रोतिरीचा प्रवेशही त्यातच धरावा, आणि कामेनीपाशी पाण्यात उड्या मारण्याआधी त्या मदतनिसाला पंधरा मिनिटे बोलू द्यावे. त्याचे त्याला वेगळे पैसे द्यावेत.