निखाऱ्यावरचं साते

सिंगापूर किंवा जकार्ताला गेलेले आपल्याकडचे मांसाहारी प्रवासीही पुष्कळदा रस्त्यावरचं साते टाळून हॉटेलातल्या बुफेकडे वळतात. सुरक्षिततेचा हा हिशेब मला उलटा वाटतो. अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान रेंगाळलं की जंतू झपाट्याने वाढतात, आणि कोमट होत चाललेला बुफे नेमका तिथेच येऊन थांबतो. साते म्हणजे हळद, धणे, गवती चहा लावून मुरवलेले मांसाचे लहान तुकडे, बांबूच्या काडीवर ओवून निखाऱ्यावर भाजलेले. तुकडा लहान, म्हणून आच आतपर्यंत लवकर पोहोचते; जागतिक आरोग्य संघटना सांगते ते ७० अंश गाठायला फार वेळ लागत नाही, आणि सगळं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत चालतं. कोणी म्हणेल, वरून करपलेलं मांस आत कच्चं असू शकतं. खरं आहे, विशेषतः कोंबडीचं. मग तुकडा तोडून बघावा आणि शंका आली तर पुन्हा भाजायला सांगावं, त्यात संकोच कसला? कच्च्या मांसावरून फिरलेला तेलाचा ब्रश शिजलेल्यावरही फिरतो, हा आक्षेप अधिक वजनदार. तसं दिसलं तर ती गाडी सोडावी. पण नीट भाजलेल्या मांसापेक्षा शेजारच्या चिरलेल्या काकडी-कांद्याचीच मला जास्त धास्ती वाटते, कारण त्यांना आच लागतच नाही. सिंगापूरने १९७० च्या दशकात फेरीवाल्यांना नळाचं पाणी असलेल्या हॉकर सेंटरांत नेलं, त्यामागे स्वच्छतेचीच चिंता होती. जावातल्या ज्या हातगाडीपाशी धुण्यासाठी एक बादलीच दिसते, तिथे काडीवरचं मांस गरमागरम खावं आणि काकडी ताटलीतच राहू द्यावी.