ओढ्याकाठच्या झुडपांचे मोल

सह्याद्रीच्या खोऱ्यांतील शेतकऱ्याला जमिनीची किंमत सांगावी लागत नाही. डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या दोन्ही अंगांस जी चिंचोळी सपाटी लाभते, तिच्यावरच त्याचे भात पिकते. काठावर माजलेली झुडपे त्याच्या डोळ्यांत सलावीत, हे स्वाभाविकच होय. झुडपे काढली की खाचर चार हातांनी वाढते, असा हिशेब तो करतो. परंतु हा हिशेब एका हंगामापुरताच खरा ठरतो.

ओढ्याच्या पात्रात खडकांच्या फटींतून शेरणी उगवते. तिची पाने अरुंद, फांद्या चिवट आणि मुळे दगडाला घट्ट धरून राहणारी असतात. पावसाळ्यात ती पुराखाली जाते, प्रवाहाबरोबर वाकते, आणि पाणी ओसरताच पुन्हा उभी राहते. तिच्या वरच्या अंगास निर्गुडी, वाळुंज व वाळा, आणि त्याहून वर करंज, जांभूळ, उंबर अशी ही वस्ती पायरीपायरीने रचलेली असते. प्रत्येक वनस्पतीने आपल्याला मानवेल तेवढ्या ओलाव्याची जागा धरलेली असते.

या रचनेचे कार्य साधे आहे. वेगाने येणारे पाणी फांद्यांत अडखळते, काठालगत त्याचा वेग मंदावतो आणि त्यातील गाळ तेथेच बसतो. मुळांच्या जाळ्यामुळे काठाची माती सुटत नाही. झुडपे काढलेल्या काठावर मात्र पाणी उघड्या मातीस भिडते, काठ खालून पोखरला जातो आणि एखाद्या रात्री बांधासह खाचराचा तुकडा ढासळतो. चार हात मिळविण्याच्या लोभाने दहा हात गमवावे लागतात. आणि गेलेली माती शेतकऱ्याच्या हयातीत परत येत नाही.

2021 च्या जुलैत चिपळूण व महाड ही शहरे पाण्याखाली गेली. तो पूर अतिवृष्टीचा होता. झुडपांनी तो टळला असता, असे कोणी जाणता म्हणणार नाही. तथापि वरच्या खोऱ्यातील ओढे मोकळे व सरळ केले, म्हणजे पाणी व गाळ खालच्या गावी अधिक लवकर पोहोचतात, हे विसरता येत नाही.

झुडपांविषयीच्या तक्रारी निराधार नाहीत. दाट जाळीत साप राहतात, रानडुकरे दडतात, काठच्या पिकावर सावली पडते. पुलाच्या व मोऱ्यांच्या तोंडाशी वाढलेली झुडपे पाणी तुंबवितात. तेथील झुडपे काढणेच योग्य. परंतु यास्तव सबंध काठ उघडा करणे म्हणजे उंदरासाठी कणगी जाळण्यासारखे आहे. सावली देणाऱ्या फांद्या छाटाव्यात, बुंधे व मुळे राखावीत. परदेशांतून आलेली घाणेरी व रानमोडी टप्प्याटप्प्याने काढावी आणि मोकळ्या जागी लगेच देशी झुडपे लावावीत.

हे काम खर्चाचे नाही. वाळुंज आणि निर्गुडी यांची छाटकलमे पावसाच्या आरंभी ओल्या काठावर खोचली असता जीव धरतात. निर्गुडीस शेळ्या सहसा तोंड लावीत नाहीत, आणि तिचा पाला धान्यात घालण्याची चाल घराघरांत आहे. करंजाची पेंड खत म्हणून उपयोगी पडते. काठच्या सावलीने उन्हाळ्यात डोहाचे पाणी कमी तापते. पहिल्या पावसात वलगणीस चढणाऱ्या माशांनाही अशा ओढ्यांचाच आसरा असतो.

2014 च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात ओढे-नाले खोल व रुंद करण्याची कामे गावोगाव झाली. पाणी अडविण्याचा हेतू स्तुत्य आहे. परंतु असे काम आखताना काठची झुडपे मोजली जावीत, यंत्र शक्यतो एकाच अंगाने चालावे, आणि दुसरा काठ न खरवडता ठेवावा. ग्रामसभेने आराखडा संमत करतानाच ही अट घालणे इष्ट होय.

बांध घालण्यास शेतकरी कष्ट व पैसा वेचतो. ओढ्याकाठची झुडपे हा निसर्गाने विनामूल्य घातलेला बांध आहे. तो राखण्यासाठी पाच-सहा हातांचा पट्टा सोडणे, यात तोटा नाही. पुढच्या पिढीच्या खाचराची ती तरतूद आहे.