धंदा नफ्यात, मालक कर्जात. असं का होतं?

परवा आमच्या एमआयडीसीत आणखी एका शेडला कुलूप लागलं. फॅब्रिकेशनचं काम, आठ कामगार, हातात ऑर्डरी. सीएने काढलेल्या ताळेबंदात नफा. मालक म्हणाला, "साहेब, काम बंद नव्हतं हो, पैसा येत नव्हता."

गावात लगेच चर्चा सुरू. याला हिशेब जमला नाही, गाडी घेतली, पोरीचं लग्न थाटात केलं. उद्योजक मेळाव्यातही हेच प्रवचन : रोख सांभाळा, नियोजन करा. अहो, रोख हातात आली तर सांभाळणार ना!

साधा हिशेब मांडतो. पाच लाखांचं काम. लोखंड, मजुरी, वीज मिळून खर्च साडेचार लाख. नफा पन्नास हजार. हा खर्च शेकडा दोन रुपये महिना व्याजाने उचलला तर महिन्याला नऊ हजार गेले. बिल सहा महिन्यांनी निघालं, म्हणजे चोपन्न हजार. नफा संपला, वर चार हजार पदरचे. कागदावर मात्र नफाच!

त्यात जीएसटी. बिल फाडलं की कर लागू. पैसे आले की नाही हे सरकार विचारत नाही. भरायला उशीर झाला तर वर्षाला १८ टक्के व्याज. म्हणजे सरकारी कार्यालयाने माझं बिल अडवायचं आणि त्याच बिलावरचा कर सरकारला मी उसने काढून भरायचा. याला काय म्हणायचं?

कायदा नाही असं नाही. २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो, सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्या. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी २०१७ मध्ये 'समाधान' पोर्टल सुरू झालं. २०२३ च्या अर्थसंकल्पात आणखी एक खुंटी मारली : मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते देईपर्यंत त्या खर्चाची प्राप्तिकरात वजावट नाही.

मग तक्रार का होत नाही? कारण तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद. ज्याचं सगळं पोट एकाच कंपनीवर आहे, तो व्याज मागेल का? हा कायदा बलवानाला शिस्त लावण्यासाठी आहे, पण तो वापरण्याची जबाबदारी मात्र दुबळ्यावर टाकली आहे.

आपल्या लोकांच्याही चुका आहेत, नाकारत नाही. गल्ला आणि घरखर्च एकच. बिल वेळेत पाठवायचं नाही. उधारी मागायला लाज वाटते. उद्यम नोंदणी फुकट आहे, तीही कित्येकांनी केलेली नाही. हे सुधारायलाच हवं. पण याने सहा महिने अडकलेलं बिल सुटत नाही.

म्हणून दोन मागण्या. एक, आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक सरकारी कार्यालयाने आणि नगरपालिकेने थकीत बिलांची यादी तारखेसह दर महिन्याला नोटीस बोर्डावर लावावी. दोन, आपल्या उद्योजक संघटनेने सत्कार समारंभ जरा कमी करून सभासदांच्या वसुलीचा पाठपुरावा स्वतःच्या लेटरहेडवर करावा. म्हणजे एकटा माणूस डोळ्यावर येणार नाही.

ज्यांची बिलं अडकली आहेत त्यांनी इनबॉक्स करा. नाव छापणार नाही, पण किती दिवस आणि किती रक्कम हे नक्की छापणार.

त्या शेडच्या आठ कामगारांपैकी तिघे आज चौकात मजुरीला उभे होते. त्यांना कुठला ताळेबंद दाखवायचा?