आज्ञापालन म्हणजे दास्य नव्हे

ख्रिस्ती धर्मावर आमच्या सुशिक्षित घरांतून एक आक्षेप वारंवार घेतला जातो. तो असा की, ज्या धर्मात ईश्वर प्रेमस्वरूप मानला आहे, त्याच धर्मात त्या ईश्वराची आज्ञा सर्वस्वी पाळावी असेही सांगितले आहे. तेव्हा या दोहोंपैकी एक काहीतरी खोटे असले पाहिजे. प्रेम आतून उमलते, आज्ञा बाहेरून लादली जाते; हुकुमाने जडते ते प्रेम कसले? आक्षेप चटकदार आहे खरा. परंतु तो आज्ञापालनाचा अर्थ लष्करी कवाइतीवरून घेतो आणि तेथेच फसतो.

बायबलातील 'अनुवाद' या पुस्तकात देवावर सर्वस्वाने प्रीती करण्याची जी आज्ञा आहे, तिचा आरंभ 'शेमा' या इब्री शब्दाने होतो. त्याचा अर्थ 'ऐक'. आणि ऐकणे व आज्ञा पाळणे या दोन्ही अर्थांना इब्री भाषेत हाच धातू पुरतो. मराठी वाचकास याचे नवल वाटू नये. 'मुलगा आईचे ऐकतो' असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या कानांची तारीफ करीत नसतो! जवळच्याचे ऐकावेसे वाटते, हेच प्रेमाचे पहिले लक्षण. योहानाच्या शुभवर्तमानात येशू अखेरच्या भोजनप्रसंगी आज्ञापालन ही प्रीतीची खूण म्हणून सांगतो, आणि त्याच प्रसंगी शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो. आक्षेपकांनी हा दुसरा भाग वाचलेलाच नसतो.

हे सारे शब्दपांडित्य आहे असे कोणी म्हणेल. म्हणून एक उदाहरण घेऊ. फ्रान्झ येगरश्टेटर हा ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड या खेड्यातला शेतकरी आणि तेथील चर्चचा सेवेकरी. हिटलरने देश गिळंकृत केल्यावर १९३८ साली त्यास संमती म्हणून जे मतदान झाले, त्यात त्या गावी विरुद्ध मत देणारा हा एकटाच. १९४३ साली युद्धाचे बोलावणे आले, तेव्हा अन्यायाच्या लढाईत शस्त्र धरणार नाही, असे त्याने सांगितले. रुग्णसेवेची तयारी दाखविली, ती मानली गेली नाही. त्यापूर्वी खुद्द लिंट्झच्या बिशपांनी त्यास समजाविले होते की, राज्यकर्त्यांच्या कृत्यांचा जाब प्रजेस द्यावा लागत नाही. तो बधला नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्ग येथे त्याचा शिरच्छेद झाला. मागे पत्नी फ्रान्झिस्का आणि तीन लहान मुली राहिल्या.

येथे आक्षेपक विचारील, हे कसले प्रेम? देवाचे ऐकण्यासाठी याने बायकामुले उघडी टाकली! हा प्रश्न हलका नाही. युद्धानंतरही त्या विधवेस काही वर्षे निवृत्तिवेतन नाकारले गेले होते. परंतु ज्या पत्नीची कड आपण घेतो, तिने काय केले तेही पाहावे. प्रथम तिने पतीची मनधरणी केली. पुढे त्याचा निश्चय ओळखून ती त्याच्या पाठीशी उभी राहिली. शिवाय त्या लढाईच्या दुसऱ्या टोकासही बायकामुलेच होती. आपल्या मुलींच्या सुखासाठी परक्याच्या मुली पोरक्या करणे, यास प्रेम म्हणावयाचे काय?

धर्माधिकाऱ्यांनी देवाचे नाव पुढे करून स्वतःची आज्ञा चालविल्याची उदाहरणे इतिहासात विपुल आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्यावर तोडगा कोणता? अर्धवट आज्ञापालन खास नव्हे. रविवार देवाला व उरलेले सहा दिवस हिटलरला देणारे लोक त्या काळी गल्लोगल्ली होते, आणि जुलमाचा गाडा त्यांच्याच खांद्यांवर चालला. जो अर्धाच देवाचा असतो, त्याचा उरलेला अर्धा भाग कोणीही भाड्याने घेऊ शकतो. ज्याने सर्वस्व एकदा दिले, त्याच्यापाशी विकावयास काही शिल्लकच राहत नाही.

२००७ साली त्याच लिंट्झ शहरी चर्चने या शेतकऱ्यास 'धन्य' म्हणून घोषित केले. शहाण्यांना जे चौसष्ट वर्षांनी उमगले, ते एका खेडुतास वेळीच उमगले होते. कारण तो ऐकत होता. आज्ञापालनास दास्य म्हणणाऱ्यांनी आपण स्वतः कोणाकोणाचे ऐकतो, याची एकदा यादी करून पाहावी.