कृषी केंद्राची पायरी आणि देवळाचा पार

मृग नक्षत्र लागले की वाशीम, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा येथील कृषी केंद्रांपुढे गर्दी उसळते. बियाणे, खत आणि फवारणीचे औषध एकाच गल्ल्यावर, आणि बहुधा उधारीवर मिळते. कीटकनाशकाला आपण सर्रास 'औषध' म्हणतो. ज्या घरातला कर्ता माणूस अवेळी गेला, त्या घरीही 'औषध घेतले' एवढेच खालच्या आवाजात सांगितले जाते. वस्तू तीच आणि शब्दही तोच. या योगायोगाचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

विदर्भातील शेतकरी आत्महत्यांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले. 2006 साली पंतप्रधानांनी वाशीमसह सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांची मदत योजना जाहीर केली. पुढे 2008, 2017 आणि 2019 साली कर्जमाफ्या झाल्या. पतपुरवठा, हमीभाव आणि सिंचन यांची चर्चा झाली व ती व्हायलाच हवी होती. पण या चर्चेत एक माणूस कधी आलाच नाही. तो म्हणजे विष विकणारा दुकानदार. 2017 च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा त्याचे नाव थोडे दिवस निघाले. कोणते औषध कशात मिसळावे, हा सल्ला बहुतेकांना त्याच्याच गल्ल्यावर मिळतो, हे तेव्हा सर्वांच्या लक्षात आले. पाऊस सरला तसा तो विषयही सरला.

विक्रेत्याला सामाजिक सुरक्षिततेच्या कामात ओढता येते काय? अमेरिकेत हा प्रश्न बंदुकांच्या बाबतीत विचारला गेला. फिलाडेल्फियात 2009 साली काही चर्च-संघटनांनी 'हीडिंग गॉड्स कॉल' ही चळवळ उभारली आणि एका बंदूक-विक्रेत्याला दहा कलमी आचारसंहिता मान्य करण्याची विनंती केली. त्याने नकार दिला, तेव्हा त्याच्या दारापुढे प्रार्थना आणि निदर्शने झाली. ते दुकान त्याच वर्षी बंद पडले, पण त्यामागे सरकारी कारवाईही होती. त्याच वर्षी न्यू हॅम्पशायर राज्यात निराळे घडले. एकाच दुकानातून आठवड्याभरात बंदुका नेलेल्या तिघांनी काही तासांतच स्वतःचा जीव घेतल्याचे उघड झाले. दुकानमालक हादरला. त्याने आरोग्य कार्यकर्त्यांबरोबर बसून, संकटातील गिऱ्हाईक कसे ओळखावे आणि त्याला विक्री कशी टाळावी, याची पत्रके तयार केली. पुढे राज्यातील जवळजवळ निम्म्या दुकानांनी ती लावली. पहिल्या ठिकाणी विक्रेता प्रतिपक्ष होता, दुसऱ्या ठिकाणी सहकारी झाला. आपल्याला दुसरा मार्ग जवळचा आहे.

याचे कारण आर्थिक आहे. कृषी केंद्राचा मालक नुसता विक्रेता नसतो. तो सावकार असतो, सल्लागार असतो आणि गावाची खबर ठेवणाराही असतो. कोणाची उधारी थकली, कोणाचे पीक बुडाले, हे बँकेच्या आधी त्याला कळते. अर्थशास्त्रात ज्याला माहितीची विषमता म्हणतात, ती येथे पूर्णपणे त्याच्या बाजूला आहे. या माहितीचा उपयोग आज केवळ वसुलीसाठी होतो. तो जीव वाचवण्यासाठीही होऊ शकेल.

श्रीलंकेचा अनुभव येथे बोलका आहे. त्या देशाने 1984 पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. 1995 च्या सुमारास तेथे दर लाखामागे पन्नासाहून अधिक आत्महत्या होत होत्या. वीस वर्षांत हे प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक घटले आणि शेतीचे उत्पन्न घटले नाही. मात्र घरोघरी कुलूपबंद पेट्या वाटण्याचा प्रयोग 180 गावांत झाला, त्याचा उपयोग दिसला नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तेथील आणखी एका अभ्यासात असे आढळले की, जीव देण्यासाठी दुकानातून विष नेणाऱ्यांत नशेत असलेले आणि शेती न करणारे लोक ठळकपणे अधिक होते. म्हणजे गल्ल्यावर बसलेल्या माणसाला ओळखता येण्याजोग्या खुणा असतात.

आता प्रश्न उरतो तो हा, की दुकानदाराशी बोलणार कोण? निरीक्षक आला की दुकानदार कागद पुढे करतो, मन नव्हे. आपल्याकडे चर्च थोडी; पण अखंड हरिनाम सप्ताहाच्या समित्या गावोगाव आहेत, पोहरादेवीला बंजारा समाजाची श्रद्धा आहे, मशिदी आणि विहारे आहेत. सप्ताहाच्या वर्गणीच्या यादीत कृषी केंद्राचे नाव बहुधा वरचेच असते. ज्याच्याकडून वर्गणी घेता येते, त्याच्याकडून वचनही घेता येईल. कर्ज काढून सण करू नका, हे गाडगेबाबांनी याच वऱ्हाडात कीर्तनातून सांगितले. तेव्हा कीर्तनाने बाजाराविषयी बोलणे ही परंपरेला सोडून असलेली गोष्ट नाही.

हे वचन साधे असावे. नशेत असलेल्याला, मुलाला किंवा शेती नसलेल्या अनोळखी माणसाला विष देऊ नये. प्रत्येक विक्रीची पावती द्यावी. हातमोजे आणि तोंडावरची पट्टी यांवाचून फवारणीचे औषध हाती ठेवू नये. थकबाकीदाराचा चारचौघांत पाणउतारा करू नये. मनाने खचलेल्यासाठी शासनाचा 'टेलिमानस' चा 14416 हा क्रमांक दुकानात ठळक लावावा. आणि तालुक्यातील सर्व दुकानदारांनी हे एकत्र ठरवावे. अन्यथा एकाने नाकारलेले गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल आणि भला दुकानदार तेवढा तोट्यात राहील.

रोगाचे मूळ कर्ज, पडते भाव आणि लहरी पाऊस यांत आहे, असा आक्षेप येईल. तो खराच आहे. या उपायाने सोयाबीनचा भाव एक रुपयानेही वाढणार नाही आणि शासनाची जबाबदारी तसूभरही कमी होणार नाही. परंतु जीव देण्याचा विचार पुष्कळदा घटकाभराचा असतो. ती घटका टळली तर माणूस घरी परततो आणि भावाची लढाई लढायला जिवंत राहतो. अर्थशास्त्राच्या वर्गात मागणी आणि पुरवठा शिकवताना मी मुलांना सांगत आलो की, दोन्ही बाजूंना वस्तू नसतात, माणसे असतात. येत्या हंगामापूर्वी देवळाच्या पारावरून कोणी उठून कृषी केंद्राची पायरी चढेल काय, एवढाच प्रश्न आहे.