जटपुरा गेटपाशी लेकराला जागा

भद्रावती तालुक्यातल्या आमच्या माजरीची बाई चंद्रपूरला जाते ती क्वचितच फिरायला. लेकराला डॉक्टरांना दाखवायचं असतं, बँकेत सही करायची असते, लग्नाचा बस्ता असतो. तान्हं घरी ठेवता येत नाही, म्हणून तेही कडेवर निघतं. भांदक, ताडाळी करत गाडी चंद्रपूरला पोचते. तिथून जुन्या शहरात शिरायचं तर समोर जटपुरा गेट. बाहेरगावचे लोक हे गेट किल्ला म्हणून बघायला येतात. आमच्यासाठी तो रोजचा रस्ता आहे. ऐतिहासिक चौकांचं काय करावं हे पर्यटकाकडे बघून ठरवलं जातं, माझ्या मते खरं माप मात्र कडेवर लेकरू असलेली बाई हेच आहे. तिला तिथं दहा मिनिटं निवांत टेकता आलं, तर बाकी सगळ्यांना आपोआप येईल.

गेल्या महिन्यात सून आणि पाच महिन्यांचा नातू यांच्यासोबत मी या वेशीतून गेले. गेटच्या दगडात गोंड राजांचं राजचिन्ह कोरलेलं आहे, हत्तीवर चढलेला सिंह. नातू सुनेच्या खांद्यावर होता. त्याला हत्ती दाखवावा म्हणून थांबलो, पण थांबणार कुठं? मागून ऑटो, बाजूनं दुचाकी, पुढं हातगाडी, आणि प्रत्येकाचा हॉर्न त्या कमानीत दुप्पट घुमतो. सुनेनं पदरानं त्याचे कान झाकले आणि आम्ही पुढं सरकलो. हत्ती राहिला.

या शहराची गोष्ट मात्र लेकरांना सांगावी अशीच आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीला गेला तेव्हा एक ससा त्याच्या कुत्र्याच्या मागं लागला. ससा कुत्र्यावर धावून जातो अशी ही भूमी, तेव्हा सशाच्या वाटेवरूनच कोट बांधा, असं राणीनं सुचवलं, ही इथली दंतकथा. पंधराव्या शतकात त्यानं कोटाचं काम सुरू केलं आणि पुढच्या राजांनी ते पुरं केलं. चार दरवाजे: जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा, शिवाय पाच खिडक्या, म्हणजे छोटे दरवाजे. या पुढच्या राजांपैकी बीरशहा १७०४ मध्ये मारला गेला. त्यानंतर त्याच्या राणीनं, हिराईनं, चंदनखेड्याच्या घराण्यातला रामशहा दत्तक घेतला आणि त्याच्या वतीनं कारभार चालवला. अंचलेश्वर दरवाजाजवळची बीरशहाची समाधी तिनंच बांधली. चंदनखेडा आमच्याच भद्रावती तालुक्यात आहे. म्हणजे आमच्या भागातलं एक लेकरू या शहरात आलं, आणि एका बाईनं त्याच्यासाठी राज्य सांभाळलं.

या वारशाची काळजी कुणी घेत नाही असं नाही. २०१७ मध्ये इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी कोटावरची झाडंझुडपं आणि कचरा हातांनी काढायला सुरुवात केली. त्याच वर्षी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्यांचं कौतुक केलं. ते काम मी जवळून पाहिलं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण दगड स्वच्छ झाला की त्याच्यापाशी माणसाला बसता यावं, ही पुढची पायरी अजून चढायची आहे.

आईचं दूध ही इथं भावनेची नाही, अगदी व्यवहाराची गोष्ट आहे. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध द्यावं, वरचं पाणीसुद्धा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपल्या अंगणवाडीताईही तेच सांगतात. चंद्रपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढं सहज जातो. त्या उन्हात बाळाला तहान लागली तर त्याची पाण्याची बाटली म्हणजे आई. ती दर दोन-तीन तासांनी, कधी त्याहूनही लवकर, कुठंतरी बसली पाहिजे. शिवाय तिनं स्वतः भरपूर पाणी प्यायला हवं. पण गावाला निघालेली बाई पाणी पीत नाही, कारण प्यायलं की जायचं कुठं, हा प्रश्न उभा राहतो. बसायला जागा नाही, स्वच्छतागृह नाही, आणि त्याचा भार शेवटी त्या पाच महिन्यांच्या जिवावर पडतो.

हवेचंही तसंच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये चंद्रपूरला देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत मोजलं होतं. माजरीचे आम्ही, कोळशाच्या धुळीत वाढलेले, आम्हाला धूळ नवी नाही. पण तान्हं बाळ मिनिटाला मोठ्या माणसाच्या जवळपास दुप्पट श्वास घेतं. वेशीत अडकलेल्या गाड्यांचा धूर त्याच्या छातीत आपल्यापेक्षा झपाट्यानं जातो. पुण्यात ‘अर्बन ९५’ नावाचा उपक्रम महापालिकेनं हाती घेतला. तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ९५ सेंटिमीटर, तेवढ्या उंचीवरून शहर बघायचं, ही त्यामागची कल्पना. जटपुरा गेट त्या उंचीवरून बघितलं तर दिसतात फक्त चाकं आणि सायलेन्सर.

त्या दिवशी नातू रडायला लागला तेव्हा रस्त्यावरच्या एका कापडाच्या दुकानातल्या काकांनी हाक मारली, “या ना बाई, आत बसा. लेकराले ऊन लागन.” त्यांनी साड्यांच्या गठ्ठ्यामागची जागा मोकळी केली, पंखा आमच्याकडे फिरवला आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले. वीस मिनिटांत लेकरू शांत झोपलं. चंद्रपूरची माणसं अशी आहेत, म्हणून आमचं निभावतं. पण शहरानं आपलं काम दुकानदाराच्या चांगुलपणावर सोडून देऊ नये. ज्या बाईकडे खरेदीला पैसे नाहीत, ती दुकानाची पायरी चढायला कचरते.

महाराष्ट्रात या गोष्टीची जाण जुनी आहे. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून घरच्या तान्ह्यासाठी कडा उतरणाऱ्या हिरकणीची आख्यायिका आपण सगळे ऐकत आलो. एसटीच्या स्थानकांवरच्या स्तनपान खोल्यांना तिचंच नाव आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या विधानभवनात आल्या. पुढच्या अधिवेशनात मुंबईच्या विधानभवनातल्या हिरकणी कक्षातली धूळ आणि गैरसोय त्यांनी उघडपणे मांडली. आमदाराला हा अनुभव येतो, तर माजरीच्या बाईनं काय अपेक्षा धरावी? फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सार्वजनिक ठिकाणी अशा खोल्यांची सोय करण्याबाबत राज्यांना सांगितलं. आता कुणी नवा अभ्यास करत बसण्याची गरज नाही.

एक अडचण नेहमी पुढं केली जाते. कोट पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. नियम खरा आहे आणि तो असायलाच हवा. पण त्याच कायद्यात बांधकामाची व्याख्या करताना सार्वजनिक स्वच्छतागृहं आणि पाणीपुरवठ्याची कामं त्यातून वगळलेली आहेत. दुधाच्या खोलीसाठी तर वीटही रचावी लागणार नाही. महापालिकेची इमारत याच जुन्या शहरातल्या गांधी चौकात आहे. तळमजल्यावरची एक खोली, दाराला पडदा, दोन खुर्च्या, पंखा, पिण्याचं पाणी आणि हात धुवायला नळ, एवढं पुरे. वेशीजवळ सावलीत चार बाक ठेवावेत. दुपारी निदान काही तास कमानीतून फक्त पायी चालणाऱ्यांना सोडून बघावं. व्यापारी आधी नाराज होतील हे मला कळतं. पण निवांत चालणारं गिऱ्हाईकच दुकानात शिरतं.

चैत्रात चंद्रपूरला महाकालीची यात्रा भरते. नांदेड-परभणीकडून, तेलंगणातून बायका लेकरं कडेवर घेऊन येतात, झरपट नदीत आंघोळ करतात, भर उन्हात रांगेत उभ्या राहतात. त्यांच्या लेकरांना मोफत सरबत वाटणारे मंडप लागतात. त्यांच्या आयांना दूध पाजायला आडोसा मात्र कुठंच दिसत नाही. महापालिकेला माझी विनंती आहे: गांधी चौकातली ती खोली चैत्र पौर्णिमेच्या आत उघडा, तिची पाटी जटपुरा गेटपासून दिसेल अशी लावा, आणि तिला दिवसा कुलूप घालू नका.